बाळंतविडा, बोरन्हाण आणि एक न लिहिलेला ठराव

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहा, असं संपादक मंडळानं सांगितलं तेव्हा मी सोसायटीच्या इतिवृत्ताच्या जुन्या वह्या चाळल्या. लिफ्टचा करार, गच्चीची गळती, पाण्याची टाकी, पार्किंगचे वाद, सगळं तारीखवार आहे. पण आपल्या पोरांची बारशी, बोरन्हाणं, पहिले वाढदिवस आणि त्यासाठी घरोघरी रात्री जागून केलेल्या वस्तू यांची एकही ओळ नाही. म्हणून हा इतिहास.

आपल्याकडे बाळाच्या स्वागताची सुरुवात खरेदीनं होत नसे, शिवणानं होई. सातवा-आठवा महिना लागला की माहेरी बाळंतविड्याची तयारी सुरू व्हायची. झबली, टोपडी, लंगोट, दुपटी, कुंची. कापड मुद्दाम जुनं घ्यायचं. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेलं आजीचं नऊवारी लुगडं म्हणजे बाळाच्या कातडीला सगळ्यात चांगलं. त्याच जुनेरांचे थर एकावर एक ठेवून साध्या धावदोऱ्यानं गोधडी शिवायची. कुंची मात्र खणाची, काठाला जर किंवा गोटा लावलेली. डोकं, कान आणि पाठ एकदम झाकणारा हा कपडा बारशाच्या फोटोत हमखास दिसतो.

जुन्या कापडामागे काटकसर होती, मऊपणाचा विचार होता आणि भीतीही होती. ज्या घरात आधीची मुलं जगली नाहीत, तिथं नव्या बाळाला दुसऱ्याच्या घरून मागून आणलेल्या कापडाचं अंगडं घालत. नाव ठेवत धोंडू, दगडू, भिकू. हेतू हा, की दृष्ट लागू नये, मृत्यूनं या मुलाकडे लक्षच देऊ नये. आज ही नावं ऐकून हसू येतं, पण त्या प्रत्येक नावामागे एखादा रिकामा पाळणा असायचा.

आकडे पाहिले की हे नीट कळतं. १९७१ मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला आणि महाराष्ट्रात १६ वर. लसीकरण, दवाखान्यात होणारी बाळंतपणं, स्वच्छ पाणी, शिकलेल्या आया यांचा हा परिणाम. पण आपल्या आजी-पणजींच्या काळी बाळाचा प्रत्येक टप्पा म्हणजे पार केलेली एक नदी होती. पाचवीला सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. बाराव्या दिवशी बारसं, आत्यानं कानात नाव सांगायचं, पाठीवर धपाटे खायचे आणि सगळ्यांना घुगऱ्या वाटायच्या. सहा महिने झाले की उष्टावण. उभं राहायला लागलं की लाकडी पांगुळगाडा. आणि पहिल्या संक्रांतीला बोरन्हाण.

बोरन्हाणाचे दागिने म्हणजे घरच्या हस्तकलेचा कळस. तीळ, साबुदाणा, शेंगदाणे किंवा वेलदोड्याचे दाणे मंद आचेवर परातीत घ्यायचे, चमच्या-चमच्यानं साखरेचा पाक सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी सतत हलवत राहायचं. घाई केली की गोळा होतो, हवा दमट असली की काटा येत नाही. म्हणून पौषातल्या थंडीत, पहाटे, शेगडीपाशी बसून बायका हलवा करत. बोटं भाजत. मग तो पांढराशुभ्र हलवा दोऱ्यानं गुंफून मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा. मुलगा असला तर कृष्णाची बासरीसुद्धा. काळ्या झबल्यावर ते दागिने उठून दिसतात. मग डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा, शेंगा ओतायच्या आणि बाकीच्या पोरांनी लुटायच्या.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. हे सगळं शिवायचं, गुंफायचं कोण? अनेक घरांत हे काम विधवा आत्या, काकू किंवा आजीकडे असे. तिला घराबाहेर फारसं जाणं नव्हतं आणि हाताला सवय होती. गोधडी तिची, कुंची तिची, हलवा तिचा. पण बाळाला ओवाळायच्या वेळी ती स्वयंपाकघरात. तिचे टाके बाळाच्या अंगावर चालत, तिची सावली चालत नसे.

महाराष्ट्रात या सुईला मान मिळवून देण्याचे प्रयत्न जुने आहेत. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढलं. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. तिथं बायका लिहावाचायला शिकल्या, शिवणकामही शिकल्या. घरात फुकट राबणारी सुई बाहेर चार पैसे कमवू लागली. पण समारंभाचा उंबरठा मात्र तिथंच राहिला.

तो आपल्या सोसायटीतही होता, हे लिहायला हवं. राहायला आल्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीला आपण पार्किंगमध्ये सामुदायिक बोरन्हाण केलं, आठवत असेल. सात मुलं होती. सातही जणांचे दागिने एकाच आजींनी केले होते, सलग चार रात्री जागून. कार्यक्रमाला त्या आल्या नाहीत. वरच्या गॅलरीतून बघत होत्या. 'आजी, खाली या ना,' असं एका लहान मुलीनं ओरडून म्हटलं, तेव्हा खालच्या आम्हा मोठ्यांपैकी कोणीही तोंड उघडलं नाही. मीही नाही.

तिसऱ्या वर्षी महिला मंडळाच्या तयारीच्या बैठकीत एका वहिनींनी सरळ विचारलं, "त्यांचे दागिने चालतात, मग हात का चालत नाहीत?" खोलीत शांतता झाली. दोघी-तिघी उठून गेल्या. पण ठरलं, की बोरन्हाणाला आणि हळदीकुंकवाला बिल्डिंगमधल्या सगळ्या बायकांना बोलवायचं आणि पहिलं ओवाळणं दागिने करणाऱ्या आजींचं. त्या वर्षी मुलं कमी आली. दोन घरांनी आपलं बोरन्हाण घरातच उरकलं. पुढच्या वर्षी त्यातलं एक घर परत आलं. आज या प्रथेविषयी कोणी काही विचारतसुद्धा नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याची बातमी सगळीकडे झाली. ती वाचताना मला आपली बैठक आठवली. हेरवाडनं ठराव कागदावर आणला, हे त्यांचं मोठेपण. आपण तो वहीत लिहायचा राहिलो. ती चूक या लेखानं थोडीफार भरून निघावी.

आजी आता नाहीत. हलव्याचे दागिने बाजारात तयार मिळतात, सुबकही असतात, आणि नोकरी सांभाळणाऱ्या आईनं ते आणले तर त्यात वावगं काहीच नाही. पण त्या पहिल्या सातांपैकी एक मुलगी गेल्या संक्रांतीला आपल्या बाळाला घेऊन माहेरी आली होती. तिनं स्वतः केलेला हार बाळाला घातला. हलवा विकतचा, गुंफण तिची. निम्मा हार फोटोआधीच सुटला आणि बाळानं उरलेला चाखून पाहिला. गुंफायला तिच्यासोबत शेजारच्या तीन घरांतल्या बायका बसल्या होत्या. त्यांत नवरा असलेली कोण, नसलेली कोण, हे कोणी मोजलं नाही.

मूल जगेल की नाही ही भीती आपल्या पिढीनं बरीच मागे टाकली. त्या भीतीतून आलेल्या बंधनांनाही मागेच राहू द्या. पुढच्या पंचवीस वर्षांसाठी घ्यायचं असेल तर इतकंच घेऊ या: घरात बाळ आलं की एक तरी वस्तू हातानं करायची, आणि जिनं केली तिला पुढे बसवायचं.