वृद्धी संप्रेरक आणि प्रतिकारशक्ती

वृद्धी संप्रेरक हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून स्रवणारे, १९१ अमिनो आम्लांचे प्रथिन आहे. उंची वाढवणे हे त्याचे परिचित कार्य असले, तरी रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही त्याचा प्रभाव पडतो.

कार्यपद्धती

टी-पेशी, बी-पेशी व भक्षक पेशी यांवर या संप्रेरकाचे ग्राही असतात. संप्रेरक ग्राहीशी जोडले गेले की पेशीतील ‘जॅक-२’ हे विकर ‘स्टॅट-५’ प्रथिनांना कार्यान्वित करते. ही प्रथिने पेशीकेंद्रकात जाऊन वाढ व विभाजनाशी संबंधित जनुके चालू करतात. दुसरा परिणाम अप्रत्यक्ष असून तो मुख्यतः यकृतात तयार होणाऱ्या इन्सुलिनसदृश वृद्धी घटक-१ मार्फत होतो. टी-पेशी जेथे परिपक्व होतात, ती यौवनलोपी ग्रंथी वयोमानानुसार आक्रसते. प्राण्यांवरील प्रयोगांत हे संप्रेरक दिल्यावर तिची वाढ झाल्याचे आढळले आहे.

संप्रेरकाची कमतरता आणि ‘स्टॅट-५बी’ दोष

पश्चिम भारतातील काही कुटुंबांत वृद्धी संप्रेरक मुक्त करणाऱ्या घटकाच्या ग्राहीचे जनुक सदोष आढळले आहे. अशा मुलांची उंची अत्यंत कमी राहते. मात्र केवळ या संप्रेरकाच्या कमतरतेमुळे सहसा गंभीर प्रतिकारक्षमता-न्यूनता उद्भवत नाही. म्हणजेच प्रतिकारशक्तीसाठी हे संप्रेरक साहाय्यक आहे, अनिवार्य नाही.

‘स्टॅट-५बी’ जनुकातील दोष मात्र वेगळा आहे. त्याचा पहिला रुग्ण २००३ मध्ये नोंदवला गेला. या विकारात संप्रेरक पुरेसे असूनही उंची वाढत नाही आणि फुप्फुसांचे विकार वारंवार होतात. कारण टी-पेशींना लागणारा इंटरल्युकिन-२ चा संदेशही याच प्रथिनामार्फत पोहोचतो. त्यामुळे खुंटलेल्या वाढीसोबत वारंवार संसर्ग होणाऱ्या बालकाची प्रतिकारक्षमताही तपासणे आवश्यक ठरते.

मुंबईतील संस्था

लालबागलगतच्या परळ भागात के.ई.एम. रुग्णालय (१९२६) व बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (१९२९) आहे. के.ई.एम.च्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तशास्त्र संस्थेत जन्मजात प्रतिकारक्षमता-न्यूनतेवर संशोधन चालते.

उपचार आणि गैरवापर

जनुकीय अभियांत्रिकीने बनवलेले वृद्धी संप्रेरक १९८५ पासून उपलब्ध आहे. कमतरता असलेल्या मुलांना त्याचा लाभ होतो. ‘स्टॅट-५बी’ दोषात तो फारसा होत नाही. निरोगी व्यक्तींनी प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी ते घेण्यास वैद्यकीय आधार नाही. त्यामुळे सूज, सांधेदुखी व रक्तशर्करावाढ संभवते.