आर्स-आं-रे
फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्याजवळील रे बेटावरचे बंदर व मिठागरांचे गाव. ते शारांत-मारितीम विभागात, बेटाच्या पश्चिम भागात वसले आहे. गावाची ओळख म्हणजे सेंट एतिएन चर्चचा सुमारे ४० मी. उंच पांढरा मनोरा. त्याचे टोक काळे रंगवलेले असल्याने खलाशांना तो दुरूनही ओळखू येई. चर्चचे रोमनेस्क प्रवेशद्वार त्याहून जुने असून तेही निवांत पाहण्याजोगे आहे.

फिएर दार्स या उथळ उपसागराभोवती मिठागरे पसरली आहेत. मध्ययुगापासून येथे मीठ पिकते आणि येथून ते जहाजांनी उत्तर युरोपात जाई. भरतीचे पाणी प्रथम मोठ्या तळ्यात घेतात. तेथून ते उतरत्या, उथळ खणांतून हळूहळू फिरवतात. ऊन आणि वारा त्याला आटवत नेतात. शेवटच्या खणात तळाशी जाड, करडे मीठ बसते. वारा मंद असला की पाण्यावर पातळ पांढरी साय धरते. ती तळ न ढवळता, हलक्या हाताने काढावी लागते. हेच उंची ‘मिठाचे फूल’. या कामातले खरे कसब इथेच दिसते.

खाणीच्या व भूमध्य किनाऱ्यावरील मिठाच्या स्पर्धेमुळे अनेक आगरे ओस पडली. अलीकडच्या दशकांत तरुण मीठकऱ्यांनी त्यांतील काही पुन्हा पिकती केली, ही मोठी समाधानाची गोष्ट. फेब्रुवारी २०१० मधील झिंथिया वादळात समुद्राचे पाणी बेटावर शिरले होते. १९८८ मध्ये ला रोशेलजवळून पूल झाल्यापासून पर्यटन वाढले असून बंदरात आता मुख्यतः शिडाच्या हौशी नौका असतात.