हंटरवाली नादिया : गोरी नटी, देशी राजकन्या

आजचा विषय मेरी इव्हान्स, म्हणजेच आपल्या आजी-आजोबांची 'फिअरलेस नादिया'. वडील ब्रिटिश फौजेतले स्कॉटिश, आई ग्रीक वंशाची. जन्म ८ जानेवारी १९०८ चा, ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये. लहानपणीच ती मुंबईला आली. पहिल्या महायुद्धात वडील मारले गेले. पुढे काही वर्षं पेशावरला गेली, तिथे घोडेस्वारी शिकली. मुंबईत परतल्यावर दुकानात नोकरी केली, नाच शिकली, सर्कशीतही राहिली. तिथून ती वाडिया बंधूंच्या 'वाडिया मूव्हीटोन'मध्ये आली. जमशेद वाडियांनी तिला नंदादेवी हे नाव आणि खोटी लांब वेणी सुचवली. तिनं दोन्हीला नकार दिला.

१९३५ साली 'हंटरवाली' आला. वितरक घ्यायला तयार नव्हते, अन् चित्रपट पंचवीस आठवड्यांहून जास्त चालला! आता प्रश्न असा, की देशावर राज्य गोऱ्यांचं आणि पडद्यावर सोनेरी केसांची गोरी बाई. मग लोकांनी तिला आपलं कसं मानलं?

उत्तर कथेत आहे. दुष्ट वजीर राजाला कैद करतो. राजकन्या माधुरी मुखवटा घालून, चाबूक घेऊन गरिबांच्या बाजूनं उभी राहते. सेन्सॉर इंग्रजांचा, तेव्हा पडद्यावर साहेबाला चाबूक मारता येणार नव्हता. वजिराला मारता येत होता. प्रेक्षकाला समजायचं ते समजत होतं. आपलं हे शहरही १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात होतं. दरबार, वजीर, कैद ही भाषा इकडच्या माणसाला काही परकी नव्हती.

पण एक बाजू अडचणीची आहे, ती टाळून चालणार नाही. नादिया पुरुषांना डोक्यावर उचलून फेकते, 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये धावत्या गाडीच्या टपावर मारामारी करते, 'डायमंड क्वीन'मध्ये बायकांच्या स्वातंत्र्याबद्दल बोलते. त्या काळी चांगल्या घरातल्या मुलीनं सिनेमात नुसतं दिसणंसुद्धा कमीपणाचं मानलं जाई. मला वाटतं, नादियाला जे खपलं, ते काही अंशी ती गोरी होती म्हणून खपलं. तिच्या धाडसाचं मोल त्यानं कमी होत नाही, कारण उड्या तिनं स्वतः मारल्या. पण समाजानं कुणाला किती मोकळीक दिली, हे त्यातून दिसतं.

आणि ती मोकळीकही पडद्यापुरतीच. दिग्दर्शक होमी वाडियांशी तिचं प्रेम जुनं. त्यांच्या आईचा विरोध, म्हणून लग्न झालं थेट १९६१ साली. तेव्हा ती पन्नाशी ओलांडलेली होती.

९ जानेवारी १९९६ ला ती मुंबईत वारली. स्टंटपट म्हणजे हलका माल, असं म्हणत समीक्षकांनी तिला बराच काळ बाजूला ठेवलं. १९९३ साली वाडियांच्याच घरातल्या रियाद वाडियांनी तिच्यावर माहितीपट केला, तेव्हा नव्या पिढीला ती कळली. पिटातल्या प्रेक्षकानं मात्र तिला १९३५ मध्येच ओळखलं होतं.