तळ्याची कुळी विचारणारे

पोलंडच्या मझुरीतली आणि फिनलंडमधली सरोवरे हिमनद्यांची देणगी. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस बर्फ मागे हटला आणि त्याने कोरलेल्या खोलगटांत पाणी साठले. असे दाखले देऊन आपल्याकडे ठासून सांगितले जाते की राखायची ती अशी अस्सल सरोवरे. सोलापूरची तळी माणसाने बांधलेली, म्हणजे नुसती पाण्याची सोय.

यातला पूर्वार्ध बिनतोड आहे. इथल्या काळ्या पाषाणावरून हिमयुगातली हिमनदी गेलेली नाही. सिद्धेश्वर तलावाचे श्रेय बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांना दिले जाते, हिप्परग्याचा एकरूख तलाव 1871चा, उजनी 1980ची. सगळी माणसाची करणी.

उत्तरार्ध मात्र टिकत नाही. इंग्लंडमधली नॉरफोक ब्रॉड्स ही जलाशयांची रांग नैसर्गिकच मानली जाई. 1950च्या दशकात जॉइस लॅम्बर्ट यांनी दाखवून दिले की ते मध्ययुगात जळणासाठी पीट काढून झालेले खड्डे आहेत. म्हणून तिथले संरक्षण कोणी काढून घेतले नाही. इतक्या लांब तरी कशाला जा? महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, नाशिकचे नांदूर मध्यमेश्वर, गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळावरच उभे आहे.

पक्षी तळ्याची कुळी विचारत नाहीत, उथळ पाणी आणि चिखल शोधतात. उजनीचे पाणी कालव्यांत सुटू लागले की फुगवट्याच्या काठाचा गाळ हळूहळू उघडा पडतो. करमाळ्याच्या बाजूला केत्तूरकडे आणि पलीकडे भिगवणला रोहित त्यातच मान उलटी घालून चोच चाळणीसारखी चालवतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब काठावर चरतात. म्हणजे पाणी ओसरणे हेच या अधिवासाचे मर्म, आणि ते घडते पाटबंधाऱ्याच्या वेळापत्रकाने!

एक आक्षेप खरा वजनदार आहे, पण तो सहसा कोणी घेत नाही. याच पाण्याने गावे बुडाली, आणि उसाची चटक लागून माळराने नांगराखाली गेली. नान्नजचे माळढोक अभयारण्य 1979चे. तिथला माळढोक आज दिसलाच तर बातमी होते. तेव्हा पाण्याचे कौतुक करताना माळाला ‘पडीक’ म्हणणे आधी थांबवायला हवे.

भांडण तळ्याच्या जन्माचे नाही, काठाचे आहे. पाणी ओसरताच मोकळ्या गाळावर गाळपेर सुरू होते आणि पक्ष्यांची जागा आक्रसते. शेतकऱ्याचे पोट त्यावर आहे, हे खरेच. तरीही गाळपेरीच्या जमिनी देताना जिल्हा प्रशासनाने काही पट्टे हिवाळाभर नांगराविना ठेवावेत.