डब्यावरच्या चार ओळी

दिवाळीच्या फराळाचा बेत ठरला, की रवा, बेसन, तूप, पिठीसाखर यांच्या पिशव्या घरात येऊन पडतात. कात्री लागते, पाकिटे रिकामी होतात आणि त्यांच्यावरची अक्षरे न वाचताच केरात जातात. परवा वर्गात मी विचारले, तारीख कोण पाहतो? एक मुलगी चटकन म्हणाली, "गुरुजी, आमच्या आजीला तारीख लागत नाही. ती नुसता वास घेऊन सांगते!" आजीच्या नाकाविषयी मला आदर आहे. तथापि त्या मुलीला मी जी गोष्ट सांगितली, तीच वाचकांनाही सांगतो.

इंग्लंडात ब्रॅडफर्ड नावाचे लोकरीच्या गिरण्यांचे शहर आहे. १८५८ सालची हकिकत. साखर महाग म्हणून तिथले मिठाईवाले तीत जिप्समची स्वस्त पांढरी भुकटी मिसळीत. जोसेफ नील या मिठाईवाल्याने ती आणायला औषधांच्या दुकानी माणूस धाडला. दुकानदार आजारी होता. माळ्यावरच्या कोपऱ्यातल्या पिंपात भुकटी आहे, एवढे त्याने मदतनिसाला सांगितले. मदतनिसाने १२ पौंड पांढरी भुकटी मोजून दिली. तो होता सोमल!

तिच्या पेपरमिंटच्या गोळ्या झाल्या. विल्यम हार्डेकर या फेरीवाल्याला त्यांचा रंग जरा निराळा दिसला. पण त्याने काय करावे? तेवढ्यावर भाव पाडून माल उचलला! ३० ऑक्टोबरला, शनिवारी, बाजारात त्या गोळ्या खपल्या. सुमारे वीस माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. दोनशेंहून अधिक लोक आजारी पडले. खटला झाला, पण शिक्षा कोणालाच झाली नाही. कारण जाणूनबुजून विष घालणारा कोणी नव्हताच. मात्र त्या हाहाकारानंतर १८६० साली तिथे भेसळीविरुद्ध कायदा आला.

पांढऱ्याशेजारी पांढरे ठेवले, तर डोळ्यांनी काय ओळखावे? जिथे डोळे, नाक आणि जीभ हात टेकतात, तिथे लिहिलेला शब्दच कामी येतो.

आपल्याकडे भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ साली झाला आणि १ जून १९५५ पासून अमलात आला. त्याची जागा पुढे २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याने घेतली. १ ऑक्टोबर २०२० पासून तर दुकानातल्या सुट्या मिठाईच्या ताटावरही ती कधीपर्यंत उत्तम राहील, ती तारीख लावणे बंधनकारक झाले.

तारखाही दोन परींच्या असतात. 'अमुक तारखेपूर्वी उत्तम' ही चवीची व दर्जाची हमी; ती उलटली म्हणजे जिन्नस लगेच विष होत नाही. 'वापराची अंतिम तारीख' मात्र टळली, की तो पोटात जाता कामा नये. शिवाय दोन्ही तारखा खऱ्या कधी? पाकीट न फोडता, सांगितल्याप्रमाणे ठेवले तर!

एक अडचण उरतेच. या ओळी इंग्रजीत किंवा हिंदीत छापणे सक्तीचे आहे, मराठीत नाही. अक्षरेही मुंगीएवढी. ज्या हातांनी घरचा फराळ होतो, त्यांतल्या कित्येकांना ती वाचता येत नाहीत. म्हणून त्या मुलीला मी म्हणालो, यंदा करंज्या होतील तेव्हा आजीजवळ बस. वास तिने घ्यावा, तारीख तू वाचावीस.