एल्सा सिंहीण आणि तिचा चित्रपट

माणसांनीं वाढविलेल्या वन्य पशूंचे चित्रपट घरांतील लहानथोरांनीं एकत्र बसून पाहावे असे मानले जातात. त्यांत १९६६ सालच्या 'बॉर्न फ्री' या इंग्रजी चित्रपटाचें स्थान फार वरचें आहे. परंतु पडद्यावर दिसणाऱ्या हकीकतीच्या मागेंपुढें बरेंच कांहीं घडलेलें आहे, आणि तें तितकेंसें गोड नाहीं.

केनिया देश इंग्रजांच्या अमलाखालीं असतां जॉर्ज अ‍ॅडमसन हे तेथील वन्य पशूंच्या खात्यांत अधिकारी होते. १९५६ च्या फेब्रुवारींत ते एका मनुष्यघातकी सिंहाच्या शोधांत असतां एक सिंहीण त्यांच्यावर चालून आली व त्यांनीं तिला गोळी घातली. ती केवळ आपल्या छाव्यांच्या रक्षणार्थ धांवली होती, हें मागाहून कळलें! तीन छाव्यांपैकीं दोघींची रवानगी हॉलंडांतील रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयांत झाली. सर्वांत धाकटी एल्सा मात्र जॉर्ज यांच्या पत्नी जॉय यांनीं जवळ ठेविली.

छावा दुधाच्या बाटलीवर वाढविणें एक वेळ साधेल. त्यास पुनः रानांत पाठविणें हेंच कठीण. सिंहाचीं पोरें शिकार शिकतात तीं आईपासून. एल्सेस ती शिकविणार कोण? पहिला प्रयत्न फसला आणि ती आजारी पडली. पुढें मेरूच्या रानांत जॉर्ज यांनीं सावज टिपावें व तें तिनें फाडावें, असा क्रम बरेच दिवस चालला. अखेर ती स्वतः शिकार करूं लागली, रानटी सिंहाशीं तिची जोडी जमली, आणि एके दिवशीं आपलीं तीन पिलें घेऊन ती अ‍ॅडमसनांच्या तळावर आली.

जॉयबाईंचें पुस्तक १९६० सालीं निघालें व देशोदेशीं वाचलें गेलें. एल्सा मात्र १९६१ च्या जानेवारींत गोचिडांपासून होणाऱ्या रोगानें मेली. वय अवघें पांच वर्षांचें. चित्रपट पिलांच्या भेटीपाशींच थांबतो. बालप्रेक्षकांचा विचार करतां त्यास दोष देतां येत नाहीं.

दोष द्यावयाचा तो अन्यत्र. चित्रपटांत एल्सेचें काम एका नव्हे, अनेक सिंहांनीं केलें. तें संपल्यावर त्यांतील बहुतेकांच्या वाट्यास पुनः पिंजराच आला. स्वातंत्र्याची कथा सांगून पैसा मिळविणारांस हा व्यवहार खचित शोभला नाहीं. तिघांना जॉर्ज यांनीं मागून घेतलें व मेरूंत मोकळें सोडलें. त्यांपैकीं 'बॉय' नांवाच्या सिंहानें १९७१ सालीं त्यांच्याच एका मदतनिसास ठार केलें, आणि ज्यास स्वतः मोकळें सोडलें त्यास जॉर्ज यांना गोळी घालावी लागली.

अ‍ॅडमसन दांपत्याच्या भूमिका करणारीं व्हर्जिनिया मॅकेना व बिल ट्रॅव्हर्स हीं प्रत्यक्षांतहि पतिपत्नी होतीं. त्यांच्या १९६९ सालच्या दुसऱ्या एका चित्रपटांत 'पोले पोले' नांवाचें हत्तीचें पिलूं होतें; स्वाहिली भाषेंत याचा अर्थ 'सावकाश'. तें केनिया सरकारकडून लंडनच्या प्राणिसंग्रहालयास भेट म्हणून गेलें आणि १९८३ सालीं तेथेंच मेलें. पुढल्याच वर्षीं या नटदांपत्यानें पिंजऱ्यांतील पशूंच्या स्थितीवर नजर ठेवणारी एक संस्था काढली. 'बॉर्न फ्री' हें नांव तिनें मागाहून घेतलें.