हेलेस्पाँटचा विजय आणि एक पुसलेले नाव

रविवारच्या मिस्सेत आपण निसेयाचा विश्वासांगीकार म्हणतो. ज्या धर्मसभेत त्याचा पाया घातला गेला, ती इ. स. ३२५ मध्ये भरली. परंतु तिची वाट एक वर्ष आधी समुद्रावर मोकळी झाली होती, हे सहसा सांगितले जात नाही.

त्या काळी रोमन साम्राज्यात दोन सम्राट होते: पश्चिमेस कॉन्स्टंटाईन, पूर्वेस लिसिनिअस. ३१३ साली मिलान येथे दोघांनी मिळून ख्रिस्ती लोकांना उपासनेचे स्वातंत्र्य देण्याचे ठरविले. पुढे लिसिनिअसने शब्द फिरविला व बिशपांच्या सभांवर बंदी घातली. सत्तेची स्पर्धा तर होतीच. ३ जुलै ३२४ रोजी एड्रियानोपल येथे पराभूत होऊन तो बायझँटियमच्या तटाआड गेला. समुद्र त्याच्या आरमाराच्या ताब्यात असेपर्यंत नगरीची रसद तुटणे शक्य नव्हते.

कॉन्स्टंटाईनने आपला ज्येष्ठ पुत्र क्रिस्पस यास हेलेस्पाँटवर, म्हणजे आजच्या डार्डानेल्सच्या सामुद्रधुनीत, धाडले. इतिहासकार झोसिमसच्या मते लिसिनिअसची जहाजे ३५० होती. कॉन्स्टंटाईनची २००, तीही लहान, तीस वल्ह्यांची. क्रिस्पसने त्या चिंचोळ्या पाण्यात केवळ ८० जहाजे उतरविली. शत्रूचा सेनापती अबँटस २०० घेऊन आला. पण दाटीत ती एकमेकांवरच आदळू लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी दक्षिणेचा सोसाट्याचा वारा सुटला आणि अबँटसचे आरमार आशियाच्या किनाऱ्यावर फुटले. १३० जहाजे व ५००० माणसे गेली, असे झोसिमस लिहितो. सप्टेंबरमध्ये क्रिसोपोलिस येथे लिसिनिअसचा अखेरचा पराभव झाला.

विजयी पुत्राचे पुढे काय झाले? ३२६ साली पित्याच्याच आज्ञेने पोला नगरीत त्याचा वध झाला. शिलालेखांवरून त्याचे नाव खरवडले गेले. कैसरियाचा बिशप युसेबिअस याने आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासात क्रिस्पसची मुक्तकंठाने स्तुती केली होती; सम्राटाचे चरित्र लिहिताना मात्र त्याने हे नाव गाळले.

तो वारा परमेश्वराने सोडला असे ज्यास म्हणावयाचे आहे, त्याने पोला येथील रक्तही पाहिले पाहिजे. ख्रिस्तसभेने उपकारकर्त्याचे ऋण अवश्य मानावे. त्याच्या पापावर पांघरूण घालू नये. दावीद राजा देवाचा लाडका होता, तरीही उरियाचा घात पवित्र शास्त्राने लपविला नाही. युसेबिअसच्या हाती तेच शास्त्र होते.